पडद्यामागचा मोर

वासंती टीचर गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून "अरेरे" निघायच्या जागी "बरं झालं" निघालं. समोर सून भेंडी चिरत बसली होती, तिची सुरी थांबली. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये हे मलाही कळतं. सत्तरी ओलांडली म्हणून अक्कल गहाण टाकलेली नाही मी. पण तोंडातून गेलं ते गेलं, आणि खरं सांगायचं तर परत घ्यावंसंही वाटलं नाही. सून म्हणाली, "आई, कोण होत्या ह्या बाई? तुमचं काय खाल्लं होतं त्यांनी?" माझं नाही गो बाये, माझ्या धाकट्या बहिणीचं खाल्लं होतं. तिला सांगायला बसले तर दुपारचं जेवण राहून गेलं, आणि तरी निम्मंच सांगून झालं. म्हणून आता सगळं लिहून काढते.

तेव्हा आम्ही डिचोलीत राहायचो, बाजाराच्या मागच्या अंगाला, भाड्याच्या दोन खोल्यांत. बाबा मूळचे बांद्याकडचे. खाणींवर ड्रायव्हर हवेत असं कोणीतरी सांगितलं म्हणून आले आणि एका कंत्राटदाराच्या ट्रकवर लागले. त्याला सगळे नुसतं 'शेट' म्हणायचे. आमच्या दारावरून दिवसभर मातीचे ट्रक जायचे. ट्रक गेला की खिडकीचे, म्हणजे आमच्या जनेलाचे, गज थरथरायचे, फळीवरची भांडी एकमेकांना लागायची आणि आईच्या तोंडून एक शिवी निघायची. धूळ तर विचारू नका. वाळत घातलेलं पांढरं लुगडं संध्याकाळी गेरूत बुडवल्यासारखं व्हायचं. पेजेच्या वाडग्यावर ताट झाकल्याशिवाय आई आम्हाला दारात बसू द्यायची नाही. सकाळी पाव विकणाऱ्या पदेराचा भोंगा वाजला की सुलू उठून उंडे घ्यायला पळायची आणि घरी येईपर्यंत एका उंड्याची कड खाऊन टाकायची. दुपारी कुळथाची पिठी नाहीतर सुक्या बांगड्याचा तुकडा, रविवारी ताजे तारले मासे मिळाले तर त्यांचं कालवण, हुमण. बाबा रात्री यायचे ते पायापासून भुवयांपर्यंत तांबडे. अंघोळ झाल्यावरच ते आम्हाला आमचे वाटायचे.

वासंती टीचर शेटच्या नात्यातल्या. लहानपण मुंबईत गेलं, लग्न होऊन इकडे आल्या. शेटच्या घराच्या माडीवर त्यांनी लहान मुलांसाठी चित्रांचा आणि नाचाचा वर्ग काढला, शनिवारी नि रविवारी सकाळी. शेटच्या ट्रकवर असलेल्यांच्या मुलांनाही घेतलं, म्हणून आम्ही दोघी बहिणी गेलो. मी अकरा वर्षांची, वर्गात सगळ्यात मोठी. सुलू सहाची. आणि इथे मला दातओठ खात एक गोष्ट कबूल करावी लागते, की बाई शिकवायच्या छान. भेंडीचा देठाकडचा तुकडा रंगात बुडवून कागदावर उमटवला की फूल होतं हे त्यांनी दाखवलं. रंग संपला तर जनेलाच्या गजावरची खाणीची धूळ पाण्यात कालवायला त्यांनीच शिकवलं, आणि त्या धुळीने आम्ही घरं, बैल, सूर्य सगळं काढलं. मग म्हणायच्या, "चला, आता कुर्ल्या व्हा!" की आम्ही सगळी त्या माडीवर खेकड्यांसारखी आडवी आडवी चालायला लागायचो. "आता बगळा. बगळा घाई करत नाही. त्याला मासा दिसलाय." आम्ही एका पायावर उभे. शाळेत मास्तरची छडी, घरी आईची केर काढायची वाढवण, आणि ह्या माडीवर कोणी आपल्याला चक्क 'वारा हो' म्हणतंय! शनिवार यायची वाट बघायचो आम्ही. म्हणून तर जास्त राग. वाईट माणसाने वाईट केलं तर त्याचं काय एवढं?

सुलूचं अंगच वेगळं होतं. आम्ही बगळा करायचो, ती व्हायची. मान अशी हळूच वळवायची की समोर शेत आहे आणि शेतात पाणी आहे असं वाटायचं. टीचर पेटी वाजवणाऱ्या मास्तरांना म्हणायच्या, "ह्या पोरीला शिकवावं लागत नाही हो, फक्त बघावं लागतं." वर्गाचा पहिला मेळावा ठरला तेव्हा मोराचा नाच सुलूला मिळाला, त्यात कोणाला नवल वाटलं नाही. घरी तर लग्न निघाल्यासारखं झालं. आईने शिंप्याकडून हिरव्या-निळ्या साटिनच्या चिंध्या मागून आणल्या. बाबांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून चमकीच्या टिकल्या आणल्या, आणि त्या आणताना ह्या टिकल्या नक्की कशाला लावायच्या ते दुकानदाराला इतकं समजावून सांगितलं की त्याने मूठभर फुकट दिल्या म्हणे. आई चुलीपाशी बसून हातशिलाईने एकेक पीस जोडायची. सुलू तिच्या पाठीवर ओणवून बघायची आणि विचारायची, "आई, मोरणीक पिसारो नसता मगे?" आई म्हणायची, "नसता. पण तू मोर. गप रव आता, सुई टोचात."

मेळाव्याच्या सकाळी माडीच्या मागच्या खोलीत आम्ही सगळी तयार होत होतो. सुलूच्या अंगावर पिसारा चढला होता, गालाला लाली, कपाळावर तुरा. तेवढ्यात शेटीणबाई आल्या, हाताला त्यांची बेबी. बेबी सातेक वर्षांची, गोरी, गुबगुबीत, तिला कमळ केलं होतं. कमळाला नुसतं बसायचं होतं. शेटीणबाई टीचरना म्हणाल्या, "खाणीचे साहेब येणार आणि आमची बेबी खाली बसून राहणार? ती मोर होणार." टीचर म्हणाल्या, "अहो पण..." मी तिथेच उभी होते, केसांना रिबीन बांधत. टीचर सुलूपाशी आल्या, गोड आवाजात म्हणाल्या, "सुलूबाळ, हात वर कर बघू." सुलूला वाटलं पिसारा नीट करणार. तिने हसत हात वर केले, आणि टीचरनी तिच्या डोक्यावरून तो सगळा पिसारा ओढून काढला. पोर परकरात उभी. हात अजून वरच. तिच्या डोळ्यांसमोर तो बेबीच्या अंगावर चढवला गेला, पाठीला बसेना तर टाचण्या लावल्या.

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी मी कदाचित विसरले असते. पण बेबीला नाच येत नव्हता. मग टीचरनी सुलूला विंगेत नेऊन उभं केलं आणि सांगितलं, "तू इथून नाच हं. बेबी तुझ्याकडे बघून करेल." आणि सुलू नाचली! परकरात, पडद्यामागे, एकही पाय न चुकवता, सगळा नाच नाचली. सांगितलं तर करायचं एवढंच तिला ठाऊक. पलीकडे बेबी मान वाकडी करून तिच्याकडे बघत धडपडत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. आई-बाबा मागच्या रांगेत बसलेले. आपल्या हाताने शिवलेला पिसारा दुसऱ्याच पोरीच्या अंगावर बघून आई अर्धी उठली आणि पुन्हा बसली. शेट पुढे कदेलीवर, खुर्चीवर, बसला होता ना! त्या दिवसानंतर सुलू नाचली नाही. वर्गाला गेली नाही, गणपतीला चवथीच्या फुगडीत उतरली नाही, शिगम्याला रस्त्यावर ढोल आले तरी दाराच्या आतूनच बघायची. आज ती पर्वरीला असते, नातवंडांची आजी झाली. तिच्या मुलाच्या वरातीत अख्खं वऱ्हाड नाचलं, व्याही नाचले, भटजीसुद्धा दोन पावलं हलले, ही पदर धरून कडेला उभी. मला सांगा, मी का विसरू?

घरी मी आकांडतांडव केलं. शेटच्या दारात जाऊन ओरडेन म्हटलं. आईने माझं मनगट धरलं. "तोंड उघडलंस तर बघ! बाबा कोणाचो ट्रक चालयतत? उद्या घरात बसले तर खाशात काय, माती?" बाबा भिंतीकडे तोंड करून विडी ओढत राहिले. मला त्यांचाही राग आला. एवढा मोठा ट्रक घाटातून उतरवणारा माणूस आणि एका बाईला दोन शब्द सुनावता येत नाहीत? मी ठरवलं की सुनावायचं ते मीच. कसं ते माहीत नव्हतं, पण तो दिवस येणार हे नक्की होतं. आईने वर्ग सोडायचा नाही म्हणून बजावलं, सोडला तर शेटला कळेल की आम्हाला लागलं. तर मी जात राहिले, आणि टीचरकडे बघून गोड हसायला शिकले.

पहिला प्रयत्न फसला. डोंगरावरून खाजकुयलीच्या शेंगा आणल्या, कागदात गुंडाळून, आणि टीचरच्या कदेलीवर कूस झाडली. नेमके त्या दिवशी पेटीमास्तर तिथे बसले. बिचारा साधा माणूस, 'सा' धरला की खाजवायचा, 'प'ला पोचेपर्यंत उठून पळायचा. मुलं हसून लोळली. मला मात्र हसू आलं नाही, माल फुकट गेला म्हणून चरफडत घरी आले. मग लक्षात आलं की खाज सुटून काय होणार, संध्याकाळी तेल लावलं की जाते. लोकांसमोर झालेलं लोकांसमोरच फेडायला हवं. विहिरीवर पाणी ओढताना, भांडी घासताना मी मनात शब्द जुळवायला लागले.

संधी त्यांनीच दिली. चवथ होऊन गेली होती, घरोघरच्या नेवऱ्या, करंज्या संपत आल्या होत्या. पणजीहून कोणी सरकारी पाहुणे वर्ग बघायला येणार होते आणि त्यांना म्हणे इथलं काही अस्सल हवं होतं. टीचर म्हणाल्या, "फुगडी करू. तुम्ही घरी घालता तशीच घाला, मी एक शब्द बदलणार नाही." मुंबईत वाढलेल्या बाईने फुगडी बघितली असेल ती बसून, लांबून. आमच्याकडे फुगडीत एक म्होरकीण असते. ती ओळ टाकते, रिंगण तीच ओळ तशीच्या तशी परत देतं. म्होरकीण ऐन वेळी काय वाटेल ते जोडू शकते. कोणाची सासू कंजूष, कोणाच्या सुनेचं हुमण आळणी, सगळं नाव घेऊन. जिचं नाव येईल तिने रागवायचं नाही, म्होरकीणीने जिच्यापुढे हात केला तिने रिंगणात यायचं, आणि गाणं चालू असताना रिंगण मोडायचं नाही. मोडलं तर घराला बरं नसतं अशी समजूत. बायका वर्षभराचं उट्टं तिथे काढतात आणि मग एकत्र बसून चहा पितात. शेटीणबाईला हे सगळं ठाऊक होतं, ती इथलीच. पण ड्रायव्हरच्या पोरीला तोंड असतं हे तिला ठाऊक नव्हतं. उलट तिनेच आग्रह केला की बेबीलाही रिंगणात घ्या. म्होरकीण मीच होणार हे उघड होतं, कारण माझा आवाज बाजाराच्या टोकापर्यंत जायचा. तालमीत मी गौरीचं गायले, पावसाचं गायले, तवशाच्या, आपल्या काकडीच्या, वेलाचं गायले. टीचर खूश होऊन म्हणाल्या, "किती गोड!" लहानग्यांना मी एवढंच सांगून ठेवलं होतं, "मी म्हणेन तां म्हणायचां. जोरान."

पाहुणे आले. पुढे शेट, शेटीणबाई, पणजीची दोन-तीन माणसं, मागे आमच्यासारखे सगळे. आई आली होती, सुलू तिच्या मांडीला टेकून. बाबा फेरी सोडून दाराशी उभे, अंगावर धूळ तशीच. रिंगण फिरायला लागलं. दोन ओळी वेलाच्या गायले. मग सुलूकडे बघितलं आणि टाकली:

"मोराचो पिसारो कोणी गो शिवलो?"

रिंगणाने परत दिली. लहान लहान गळे, पण जोर असा की माडी दणाणली.

"सुलूच्या आवशीन जागान शिवलो!"

तीही परत आली. आईची मान वर झाली. पणजीचे पाहुणे कौतुकाने हसत होते. मी वेग वाढवला.

"सुलूच्या अंगाचो कोणी गो काढलो?
टीचरीन काढलो, बेबीक चढवलो!"

आणि रिंगणाने तेही दिलं. बेबीने तर सगळ्यात मोठ्याने दिलं! आपलं नाव आलं म्हणून ती बिचारी खुशीत, तोंडभर हसून "बेबीक चढवलो" ओरडत होती. शेटीणबाईचा चेहरा पडला. टीचर खांबापाशी उभ्या होत्या, हाताने 'पुरे, पुरे' करायला लागल्या. मी बघितलं आणि आमच्या रितीप्रमाणे रिंगणातून एक हात सोडून त्यांच्यापुढे केला. "येवा, टीचर!" मागच्या बायकांनी टाळ्या पिटल्या. "जा गो, जा बाय! म्होरकीणीन हात केलोहा!" पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? आल्या. त्यांचा हात थंडगार होता. मी तो असा घट्ट धरला की सुटून जायची सोय ठेवली नाही, आणि त्यांच्या डोळ्यांत बघत पुढची टाकली:

"पडद्याच्या मागसून कोण गो नाचलां?
सुलू गो नाचलां, बेबीचां नांव झालां!"

रिंगण गरगर फिरत होतं आणि टीचर त्यात फिरत होत्या. पदर सुटलेला, अंबाडा मानेवर आलेला. फुगडीत आलं की ओळ परत द्यावी लागते. त्यांचे ओठ हलले. आवाज ऐकू आला नाही मला, पण ओठ हलले. मी तीच ओळ पुन्हा टाकली, पुन्हा, पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकू आलं. "सुलू गो नाचलां." लोकांसमोर, पाहुण्यांसमोर, शेटसमोर, त्यांच्या तोंडून. आयुष्यात मला पुढे बरंच काही मिळालं, पेडण्याला स्वतःचं घर झालं, त्याच्या ओसरीत आज मी बारक्या पोरांना कुर्ल्या आणि बगळे करायला शिकवते, पालक पाया पडतात. पण त्या क्षणाची चव कशाला आली नाही. पश्चात्ताप झाला का म्हणून सुनेने विचारलं. कसला गो पश्चात्ताप? आणखी एक फेरा घ्यायला हवा होता एवढंच वाटतं.

घरी येताच आईने वाढवण काढली. पिंढऱ्यांवर वळ उठले. "सांगितलंलंय ना तुका! सांगितलंलंय ना!" ती मारत होती आणि स्वतःच रडत होती. मी रडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेटने बाबांना बोलावलं. आम्ही दारात बसून ट्रकचा आवाज ऐकत होतो. एकेक ट्रक जायचा आणि सुलू म्हणायची, "ह्यो बाबांचो नाय." दुपारी बाबा चालत आले. हातात फक्त जेवणाचा डबा. चावी तिथेच ठेवून यायला सांगितली होती. आईने पाण्याची कळशी पुढे केली. त्यांनी पाय धुतले, आत आले, पाटावर बसले. आईने पेज वाढली, बरोबर खाराची मिरची. पुढे महिनाभर काय खाल्लं आणि बाबांना पेडण्याच्या बसवर काम मिळेपर्यंत कोणकोणाच्या दारात उभं राहिलो ते सांगत नाही, ते आईबरोबर गेलं. त्या दुपारी एवढंच कळत होतं की ट्रक गेला तो माझ्यामुळे.

बाबांनी पेज संपवली. वाडगा बाजूला सारला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "काल मी दाराशी होतंय. पुढचां काय ऐकाक येवक नाय. म्हण बघया."

मी आईकडे बघितलं. ती चुलीकडे तोंड करून बसली होती. मी हळू आवाजात सुरू केलं, "मोराचो पिसारो कोणी गो शिवलो?" आणि बाबांनी, घाटातल्या हॉर्नसारख्या त्यांच्या त्या आवाजात, ओळ परत दिली. मी पुढची म्हटली. त्यांनी परत दिली. रिकाम्या डब्यावर बोटांनी ठेका धरला. "टीचरीन काढलो, बेबीक चढवलो!" शेजारची बाई जनेलापाशी येऊन उभी राहिली तरी बाबा थांबले नाहीत. सुलू भिंतीला टेकून बसली होती. नाचली नाही ती, पण तोंडावर हात दाबून अशी हसत होती की डोळ्यांतून पाणी आलं.

गाणं संपलं. आई चुलीपासून उठली, हाताला राख तशीच. मला वाटलं आता परत वाढवण. माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सगळां बरोबर म्हटलंस. पण शेटीणबायक कशाक सोडलंस गो?"